वाटेकरी

तिसऱ्या दिवशी नदी आडवी आली.
अशा वेळी सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवायचा,
म्हणजे पाय घसरलाच तर ती आपल्याला घेऊन बुडत नाही,
हे तू ओरडून सांगितलंस
आणि कोपरात कोपर अडकवलंस.
नावं पलीकडच्या काठावर विचारली.
रूरी. उल्लापूलच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं उघडतोस.
मी इशबेल. इन्व्हरनेस, रात्रपाळीची नर्स.
एवढ्या ओळखीवर वाटणी झाली:
माझी चूल पोस्टाने घरी,
तुझी पितळी, मुठीएवढी, तुझ्याकडे.
गॅस माझ्याकडे. पातेलंही.
एका पातेल्याचे दोन वाटेकरी,
उत्तरेला, जमीन संपेपर्यंत.

मी खरं तर गप्प बसायला आले होते.
वॉर्डात रात्रभर बावीस जणांचे श्वास मोजणारीला
एकदा स्वतःचा ऐकायचा होता.
आणि तू बोलायचास.
मोजे पिळताना बोलायचास,
छातीवर येणाऱ्या चढावर धापा टाकत बोलायचास,
मेंढ्यांबद्दल, भरतीच्या वेळांबद्दल,
आणि गंजाबद्दल तर
वाया गेलेल्या भावाबद्दल बोलावं तसं.
नवव्या दिवशी खिंडीत वारा पडला.
तू म्हणालास, ऐक, काय शांतता आहे,
आणि तीही मोडलीस.

उद्यापासून मी वेगळी चालते, म्हणाले.
तू नुसती मान हलवलीस.
तेवढी एकच संध्याकाळ आपण दोघं मिळून गप्प होतो.

एकटीचं चालणं गोड होतं, खोटं कशाला बोलू.
दलदलीत पाऊल रुतायचं,
सुटताना जो आवाज यायचा तो फक्त माझा.
एक हरिणी कितीतरी वेळ बघत राहिली,
ती कुणाला दाखवावी लागली नाही.
दुपारी पातेलं काढलं, गॅस काढला,
आणि हात सॅकच्या तळाशी
चाचपडतच राहिला.

ओट्स गार पाण्यात भिजवले. ओल्या पुठ्ठ्याची चव.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी मी बुटांवर ओरडताना सापडले,
मलाच.

डांबरी रस्ता जिथे संपतो
तिथे म्हाताऱ्या एफी मॅक्रेचं घर.
काल एक पोरगा येऊन गेला, ती म्हणाली,
चूल होती, जाळायला काही नव्हतं बापड्याकडे.
दोन तास बसला स्वैपाकघरात.
दाराचं बिजागर सोडवलं, घासलं, तेल पाजलं,
आणि बोलला, बाई गं, काय बोलला!
मार्चपासून या भिंतींनी एवढं ऐकलं नव्हतं.
तिने मला उकडलेलं अंडं दिलं.
थांब म्हणाली नाही, नुसती खुर्ची ओढली.
मी बसले. बोलायला काही सुचेना.
कुत्र्याचं नाव विचारलं. मग पुन्हा विचारलं.
निघताना दार कुरकुरलं नाही.

अंधार पडता पडता
डोंगरातलं बिनकुलपाचं घर लागलं,
कुणीही यावं, झोपावं, सकाळी झाडून जावं असं.
खिडकीत तुझी चूल.
वहीत तारीख आणि एक ओळ:
गॅसवाल्या मुलीसाठी. बिनगॅसची चूल म्हणजे नुसतं ओझं.
तुझ्या मानाने फारच थोडं लिहिलंस.

पाणी ठेवलं. सवयीने दोन मग.
दुसरा गार झाल्यावर प्याले.

पितळेच्या कडेला हिरवट थर चढलाय.
याला गंज म्हणत नाहीत,
याला दुसरं नाव आहे,
तू सांगितलं होतंस पाचव्या दिवशी, पावसात.
मी पुढे चालत होते.